मध्यंतरातच शेवट सांगणाऱ्या ताई

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास ताईंच्या नंबरावरून फोन आला आणि मी उचलल्या उचलल्या म्हणाले, "बोला ताई, आज कोणता पाहून येऊ?" गेली कित्येक वर्षं शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन दुसऱ्या कशासाठी आलेलाच नव्हता. नवे सिनेमे लागत आणि कोणता पाहायचा याचा निकाल त्यांच्याकडून येई. पलीकडून रडणं ऐकू आलं. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी दुर्गा होती ती. "सुधाताई, लवकर या..." एवढंच म्हणाली. दोन गल्ल्या ओलांडून जाईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

कुसुमताई माझ्या नणंद, ह्यांची थोरली बहीण. कचेरीत टायपिस्ट म्हणून नोकरी केली, नवरा लवकर गेला, एकटीनं मुलाला वाढवलं, सक्करदऱ्याला स्वतःच्या घरात राहिल्या. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नणंद म्हणजे भाजीत मीठ किती ते पाहायला येणार. ही नणंद तिसऱ्याच दिवशी दारात येऊन म्हणाली, "साडी बदल वं, बाराचा शो आहे." तेव्हापासून तीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. आधी सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये, ती बंद पडल्यावर मॉलमध्ये. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना ही बाई एसीसाठी शाल घेऊन निघायची आणि चष्म्याच्या डबीत फुटाणे लपवून आत न्यायची. तपासणारी मुलगी डबी हलवून पाहायची, तेव्हा ताई अगदी भोळा चेहरा करून म्हणायच्या, "डोळ्याच्या गोळ्या आहेत, बाई."

आणि त्यांची मतं! घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती आवाजात यायची. लिहिण्यात वेळ घालवणं त्यांना मान्य नव्हतं. एका मारधाडीच्या सिनेमाबद्दल म्हणाल्या, "बाप्पा! ते चाळीस गुंडे एकेक करून कायले येऊन राहिले? लाइन लावून मार खातात. रेशनच्या दुकानात तं कोणी अशी लाइन नाही लावत." परदेशातल्या एका चकचकीत प्रेमकथेबद्दल, "घरात जिने पाहा केवढे मोठे, पण स्वयंपाकघर एकदाही नाही दाखवलं. हे लोक खातात काय?" पहिल्या भागात मेलेला नायक दुसऱ्या भागात जिवंत झाला, तेव्हा तर त्या खऱ्याखुऱ्या चिडल्या होत्या. "मंग मी रडली ते वाया गेलं नं!" ऐतिहासिक सिनेमात लढाईनंतरही पगडीची घडी मोडत नाही याचा त्यांना जाम राग. भुताच्या सिनेमात मात्र त्या भुताच्या बाजूनं असायच्या, म्हणायच्या, त्या घरात शहाणं तेवढं तेच होतं. माझी नि त्यांची मतं क्वचितच जुळली. मॉलच्या पायऱ्यांवर, ऑटोत, पोह्याच्या ठेल्यावर आम्ही अशा भांडायचो की एकदा ठेलेवाल्यानं विचारलं, घरात वाटणी होऊन राहिली काय?

पण त्यांची खरी खोड मध्यंतरातली. दिवे लागले की त्या माझ्याकडे वळायच्या आणि सिनेमाचा शेवट सांगायच्या. 'असं होईल' असं नाही, 'असं व्हायला पाहिजे' असं. मग उरलेला सिनेमा त्यांच्या शेवटाशी ताडून पाहायचा. तीस वर्षांत एकाही दिग्दर्शकानं त्यांचं ऐकलं नाही, आणि दर वेळी त्या उठताना म्हणायच्या, "चूक आहे."

याचं मूळ मला ह्यांनी सांगितलं. नरखेडकडच्या खेड्यातलं त्यांचं लहानपण. सिनेमा पाहायला काटोलला जायचं आणि परतीची शेवटची एसटी सिनेमा संपायच्या आधी सुटायची. म्हणजे दर वेळी अर्धा तास उरलेला असताना धाकट्या भावाचा हात धरून धावत सुटायचं. मग भाऊ रडायचा, की पुढं काय झालं? ताई एसटीत बसून त्याला शेवट सांगायच्या. ह्यांना ते शेवट इतके खरे वाटत की मोठेपणी टीव्हीवर त्यातला एक सिनेमा लागला, तेव्हा हे तावातावानं म्हणाले, "अरे, हे चुकीचं दाखवून राहिले!"

मंगेश, ताईंचा मुलगा, बंगळुरूला असतो. तीन वर्षांपूर्वी तो आईला कायमची घेऊन जायला आला होता. घर बंद करू म्हणाला. ताई नाही म्हणाल्या. शब्दाला शब्द वाढला. तो रागानं बोलून गेला, "इथं काय ठेवलं आहे तुझं? टॉकीज?" ताई म्हणाल्या, "हाव. टॉकीज." तो दुसऱ्या दिवशी निघून गेला. मग सणावाराला एखादा मेसेज, तोही हात जोडल्याच्या चित्राचा. दोघंही एकाच मातीचे, कोण आधी बोलणार? मी कितीदा म्हटलं, "ताई, तुम्हीच फोन करा ना." त्या म्हणायच्या, "काहून? मी काय चूक बोलली?" आणि विषय सिनेमावर न्यायच्या.

थंडी सरता सरता आम्ही शेवटचा सिनेमा पाहिला. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं मला त्याचा शेवट सांगावा लागणार आहे. एका गावात खानावळ चालवणारी म्हातारी, तिच्याशी भांडून गेलेला मुलगा. मध्यंतराला तो बॅग घेऊन खानावळीच्या दारात उभा. दिवे लागले. ताईंना त्या दिवशी सरकत्या जिन्यावरच धाप लागली होती, उठवत नव्हतं. पण माझ्याकडे वळल्याच. "ती दार उघडते. बोलत नाही काही. पहिले विचारते, जेवला काय रे? बस. संपला सिनेमा." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी पडद्याकडेच पाहत राहिले, कारण त्यांच्याकडे पाहिलं असतं तर मी रडले असते. मग त्या म्हणाल्या, "सुधा, घरी चाल. नाही बसवत मले. उद्या तू जा आणि शेवट पाहून ये. खरा खरा सांग."

दुसऱ्या दिवशी एकटी गेले. म्हातारी दार उघडते, पण तिची स्मरणशक्ती गेलेली आहे. मुलाला ती नवं गिऱ्हाईक समजते, वाढते. तो मान खाली घालून जेवतो, आपलं ताट घासून ठेवतो आणि निघतो. ती मागून हाक मारते, "उद्यापासून वेळेवर येत जा."

थेट ताईंकडे गेले. त्या खाटेवर डोळे मिटून ऐकायला सज्ज होत्या. खरं सांगायचं म्हणूनच तोंड उघडलं होतं मी... आणि सांगितलं, "ती ओळखते त्याला. म्हणते, जेवला काय रे?"

ताईंनी डोळे उघडले. "हे तं मीच सांगितलं होतं तुले."

झाली का फजिती! खोटं बोलायचं तर निदान आपलं तरी बोलावं, मी त्यांचंच उचलून त्यांना दिलं. घाईघाईनं म्हणाले, "म्हणून तं मी थेटरात उभीच राहिली, ताई! त्यानं तुमचाच शेवट घेतला." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हसल्या. कित्येक महिन्यांनी अशा हसल्या की खोकला आला. लगेच मोबाइल मागितला आणि ग्रुपवर आवाज पाठवला, "ऐका रे सगळे. जन्मात पहिल्यांदा कोण्या डायरेक्टरनं माझं ऐकलं. म्हातारी पोराले ओळखते, म्हणते, जेवला काय रे! जाऊन पाहा!"

त्यांना माझं खोटं कळलं होतं का? मला आजही माहीत नाही. एवढं खरं की त्यानंतर त्यांनी दुर्गाला दोन पोळ्या जास्त करायला सांगितलं. मी विचारायची, "मंगेशला फोन लावू?" त्या शांतपणे म्हणायच्या, "नको. येते तो. दारात येऊन उभा राहील, पाहजो." आधीची ती तणतण गेली होती. त्या वाट पाहायला लागल्या होत्या. मला तेव्हा बरं वाटलं, स्वतःचं कौतुकही वाटलं... दोन महिने असे गेले. मग तो शुक्रवार आला. मंगेश संध्याकाळच्या विमानानं पोचला.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा आला, घर आवरायला. मी मदतीला गेले. ताईंच्या खोलीत खाटेवर तो बसला होता, हातात मोबाइल.

"मामी, काल मोबाइलवर पाहिला मी तो खानावळीचा सिनेमा," तो म्हणाला. "आईनं तं ग्रुपवर म्हटलं होतं, ती ओळखते म्हणून."

"हो."

"ती तं ओळखत नाही. आईले कोणी सांगितला हा शेवट?"

"मी सांगितला."

"काहून वं मामी?"

त्यांना त्रास होऊ नये म्हणून, असं मी म्हणाले. ते खरंही होतं. त्यानं मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवला. मग म्हणाला, "मी ऐकला होता तिचा तो आवाज, त्याच दिवशी. एवढी हसून राहिली होती... मले वाटलं, आई मजेत आहे. जाऊ दिवाळीत आरामात." आणि चाळिशी उलटलेला तो माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मीही रडले. आम्ही दोघांनी एकमेकांना एका शब्दानंही दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

जाताना त्यानं विचारलं, "खरा शेवट ऐकला असता तं आई काय म्हणाली असती?" मी म्हणाले, कोण जाणे.

तीस वर्षं त्या बाईशी भांडले मी. आणि मला माहीत नसेल? ताई, मला तुमचं मत हवं आहे हो. त्या खोट्या सिनेमाबद्दल नको, खऱ्याबद्दल. ते मी माझ्या हातानं घालवलं. मंगेशसमोर जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहिते. मी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही डोळे उघडले असते, "चूक आहे" म्हणाला असतात, आणि उशीवरून हात पुढं केला असता. "आण वं तो फोन इकडे. मंगेशले लाव."