वेताच्या खुर्च्यांचा डझनाचा भाव

फर्निचरच्या घाऊक बाजारात त्यांना भाववाले म्हणत. महागाई मोजायचा सरकारी तक्ता घेऊन ते दर महिन्याच्या पाच तारखेला यायचे, भाव विचारायचे, लिहायचे आणि काहीही न घेता जायचे. बावीस वर्षं. दुकानातले नवे नोकर त्यांना गिऱ्हाईक समजून पंखा लावत. जुने लावत नसत.

तक्त्यातली कपाटं, पलंग, टेबलं एकेक करून कचेरीतल्या नव्या माणसांकडे गेली. ती फोनवरून भाव घेत. भाववाल्यांकडे एकच वस्तू उरली: बिनहाताची लाकडी खुर्ची, वेताची बैठक, डझनाचा भाव. नियम असा, की भाव लिहायचा तर त्या वस्तूची खरोखर विक्री झालेली हवी. लागोपाठ तीन महिने विक्री नसेल तर वस्तू तक्त्यातून बाद. मग भाववाल्यांची फेरीही बाद. निवृत्तीला तीन वर्षं होती आणि ती कचेरीत खुर्चीवर बसून काढावी लागली असती.

प्लास्टिक आलं आणि वेताला कुणी विचारीना. दोन महिने कोरे गेले. तिसऱ्या महिन्यात व्यापारी म्हणाला, "भाववाले, हिचे दिवस भरले. मारा काट."

"एक डझन द्या."

"कुणाला?"

"मला."

या माणसाला व्यापाऱ्यानं आजवर एक खिळासुद्धा विकला नव्हता. भाव सांगून तो म्हणाला, "आता घासाघीस तरी करा."

"कशी करू? मी बोललो तर भाव हलेल. भाव मोजणाऱ्यानं तो हलवायचा नसतो."

पुऱ्या भावानं घेतलेल्या बारा खुर्च्या दोन खोल्यांच्या घरात आल्या. बायकोनं दारातच विचारलं, "अहो, आपण माणसं किती?"

"नियम डझनाचा आहे."

"मग दहा माणसं पण घेऊन यायची होती."

तीन महिन्यांनी दुसरा डझन आला. या खेपेला व्यापाऱ्यानं भाव चढवला. "मागणी आहे, भाववाले. वाढणारच." भाववाल्यांना ते पटलं. वाढीव भाव त्यांनी दिला आणि प्रामाणिकपणे लिहिलाही. वरच्या कचेरीच्या अहवालात एक ओळ छापून आली: वेताच्या फर्निचरला पुन्हा मागणी. वाचून त्यांना खरंच बरं वाटलं. घरी आल्यावर त्या मागणीवर चढूनच त्यांना कपाट उघडावं लागलं.

बायकोनं मात्र हातपाय हलवले. आधी शेजारच्या शिकवणीला सहा खुर्च्या भाड्यानं दिल्या. मग वाचनालयाच्या व्याख्यानाला अठरा. लोकांना वेत आवडला, बसून घाम येत नव्हता. बघता बघता चोवीस खुर्च्या कमी पडू लागल्या.

पुढच्या पाच तारखेला व्यापारी डोकं धरून बसला होता.

"दोन डझन गेल्या," तो म्हणाला.

भाववाल्यांचा चेहरा फुलला. "कुणी घेतल्या?"

"एक बाई. दोन तास हलल्या नाहीत. प्रत्येक खुर्ची उलटी करून बघितली. मी म्हटलं, आमचं एक गिऱ्हाईक याहून जास्त देतं. तर म्हणाल्या, त्या बावळटाचं मला सांगू नका."

"माल कुठे पोचवला?"

"तुमच्या घरी. म्हणून तर डोकं धरलंय."

भाववाल्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. भाव तिसऱ्या हिश्शानं उतरला होता. त्यांच्या तक्त्यात एवढी घसरण कधीच झाली नव्हती. पण विक्री खरी होती. त्यांनी आकडा लिहिला.

आठ दिवसांत वरून पत्र आलं: घसरणीचं कारण कळवा. सोबत छापील कारणं होती. लाकूड स्वस्त, वाहतूक स्वस्त, करात सूट, इतर. संध्याकाळी ते कागद घेऊन बायकोसमोर उभे राहिले. ती खुर्च्यांना नंबर टाकत होती.

"तू भाव का पाडलास?"

"पाडला? अजून कुठे? पुढच्या महिन्यात तीन डझन घ्यायच्यात."

पुढच्या महिन्यात विक्री होणार होती. फेरी शाबूत होती. भाववाल्यांनी 'इतर'वर खूण केली आणि समोर नेटक्या अक्षरात लिहिलं: बाजारात जाणकार गिऱ्हाईक आलं.

"आणि हे बघा," बायको मान वर न करता म्हणाली, "मी दुकानात असेन तेव्हा तुम्ही येऊ नका. तुम्हाला बघितलं की तो भाव चढवतो."