जरा जास्तच गोड

फोन वाजला की ताई तो उचलायच्या, पण बोलायच्या नाहीत. समोरचा दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" करून वैतागेपर्यंत गप्प राहायच्या. त्याच्या मागे पंखा फिरतोय की रिक्षा चालल्यात, आणखी कुणी बोलतंय का, हे सगळं नीट ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "कोण पाहिजे?" फोन नोकरीचा असला आणि समोरच्याने त्यांच्या अनुभवाचं कौतुक केलं, की फोनवर हात दाबून माझ्याकडे बघत पुटपुटायच्या, "हे जरा जास्तच गोड आहे."

ठाण्यात, वर्तकनगरातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या समोरच्या घरात राहायच्या. एकट्याच. पन्नाशी उलटलेली. कर्जासाठी अर्ज करणाऱ्यांनी दिलेली माहिती खरी आहे का, हे फोनवरून तपासण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. लोक खोटं बोलतात, या एका गोष्टीवर त्यांचं घर चाललं होतं. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या कंपनीने तो विभागच बंद केला. मी एका पर्यटन कंपनीत तिकिटं काढायचे. कुणी कुठे जातच नव्हतं, त्यामुळे त्याच सुमारास माझीही नोकरी गेली.

मग आम्ही दोघींनी जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत, आपापल्या दारात खुर्च्या टाकल्या. मध्ये भरपूर अंतर, तोंडाला मास्क, मांडीवर लॅपटॉप. सकाळी चहा झाला की अर्ज पाठवायला बसायचं. मी गाउनमध्ये, केस कसेतरी बांधून. ताई मात्र इस्त्रीचा कुडता घालून, मास्कच्या आत लिपस्टिक लावून.

"कोण बघणार आहे, ताई?"

"मला माहितीये ना लावलीये ते."

मी एखाद्या दिवशी बाहेर आले नाही, की त्या बेल वाजवायच्या आणि मागे सरकून उभ्या राहायच्या. "तोंड धुतलेलं दिसत नाही अजून. धू आणि ये." बास, एवढंच. धीर वगैरे देणं त्यांना जमत नसे. इमारतीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी 'खचू नका, संकट हीच संधी' असं पाठवायचं. ताई म्हणायच्या, "पाठवणाऱ्याचा पगार चालू आहे का ते विचार आधी."

तो काळच संशयाचा होता, तुम्हालाही आठवत असेल. जिन्यात कुणी खोकलं की वरखालची दारं लागायची. सेक्रेटरी गॅलरीतून वाकून बघायचे, कोण कुणाकडे आलं. आम्ही भाजीवालीवर संशय घ्यायचो, भाजीवाली आमच्यावर. त्यात ताईंचं वागणं कुणाला वेगळं वाटायचं नाही. मला तर त्याची गंमतच वाटायची.

एकदा त्यांची व्हिडिओवर मुलाखत होती. मुलाखत घेणारा तरुण होता, नम्र होता. ताईंनी त्याला सांगितलं, "कॅमेरा जरा फिरवा बघू. ऑफिस दिसू दे." त्याने हसत लॅपटॉप फिरवला. खुर्चीच्या पाठीवर बाळाची दुपटी वाळत होती.

"ऑफिसात दुपटी?" असं म्हणून ताईंनी लॅपटॉप बंदच केला.

"अहो, सगळे घरूनच काम करतायत सध्या," मी म्हटलं.

"तसं सांगायला काय जातंय?"

दुसऱ्या एका कंपनीने पगार आधीच सांगितला म्हणून त्यांनी फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणच्या मुलीने 'मॅडम' फार वेळा म्हटलं म्हणून. असे बरेच फोन गेले. मग हळूहळू यायचेही कमी झाले.

आणि मग मला एक फोन आला. कल्याणजवळ पुठ्ठ्याची खोकी बनवणारी कंपनी होती. माल कुठे, कधी पाठवायचा ते बघायला माणूस हवं होतं. धड मुलाखतही झाली नाही. "सोमवारपासून या, ठाण्याहून आमची गाडी येते," एवढंच मालक म्हणाले. मी तशीच खुर्चीतून उठून आत नवऱ्याला ओरडून सांगितलं. त्याचा पगार तेव्हा अर्ध्यावर आला होता.

ताई बाहेर बसूनच होत्या. "न बघता नोकरी? जरा जास्तच गोड आहे हे."

या वेळी मला गंमत वाटली नाही. गेल्याच आठवड्यात पुठ्ठ्याच्याच कंपनीचा कुठलातरी अर्ज त्या भरताना मी पाहिला होता. माझ्या डोक्यात आलं, हीच तर नसेल? यांचा जळफळाट होतोय. मी दार लावून घेतलं. दोन दिवस माझी खुर्ची आतच राहिली.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. ताई मागे सरकून उभ्या, हातात हेल्मेट. "तुझी स्कूटर काढ. जाऊन बघून येऊ. खोटं निघालं तर तिथूनच परत."

भिवंडीच्या बाजूने आम्ही गेलो. रस्ते मोकळे होते, तरी ताई मागून सारख्या विचारत होत्या, "पत्ता नीट घेतलास ना?" मला वाटत होतं, यांना ते खोटंच निघायला हवंय.

पत्त्यावर शेड होती. आत मशीन धडधडत होतं, खोक्यांचे ढीग लागले होते. मालक म्हातारे होते, मास्कमुळे त्यांचा चष्मा सारखा धुरकट होत होता. ताईंनी त्यांना खुर्चीतून उठवलंच. आधीची मुलगी का गेली? गाडीत किती जण बसवता? ड्रायव्हर किती वर्षांचा आहे? आणि मग, "बाथरूम कुठे आहे? दाखवा." दोघी जाऊन पाहून आलो. ताईंनी आतून कडी लावून पाहिली, बाहेरून दार ढकलून पाहिलं.

मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "आई का तुमच्या?"

"शेजारी," ताईंनीच उत्तर दिलं.

"बरोबर आहे तुमचं, बाई. विचारायलाच पाहिजे. माझी अर्धी माणसं गावाला निघून गेली, ऑर्डरी तिप्पट झाल्यात. म्हणून घाई करतोय मी."

सगळं खरं होतं. मी त्याच दिवशी हो म्हणून आले.

परत येताना दुर्गाडीच्या पुलावर ताईंनी माझ्या खांद्यावर थाप मारून स्कूटर थांबवायला लावली. खाली खाडीला भरती होती. हेल्मेट काढून त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"खरं निघालं गं," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका पडला होता, की मी जरा तिखटच विचारलं, "मग वाईट वाटतंय का तुम्हाला?"

"तुझ्यासाठी नाही." त्या पाण्याकडेच बघत होत्या. "पण मग ते माझे बाकीचे फोनही खरेच असतील."

मी स्कूटर चालू केली. आम्ही तशाच घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आलेल्या नंबरांवर परत फोन लावायला सुरुवात केली. हे मला त्यांनीच सांगितलं, कारण मी तेव्हा कल्याणच्या गाडीत असायचे. जिन्यातली माझी खुर्ची आत गेली होती, त्यांची बाहेरच राहिली. बहुतेक जागा भरल्या होत्या. दुपट्यांवाल्याची सुद्धा. "माफी मागितली त्याची," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, 'बाळाच्या आईला सांगितलं तेव्हा ती खूप हसली होती.' चांगला मुलगा होता गं."

शेवटी एका रुग्णालयाने त्यांना घेतलं. नातेवाइकांना आत सोडत नसत. त्यांना फोनवर पेशंटची खबर द्यायची, असं काम. त्या काळात ते काम घ्यायला कुणी तयार नव्हतं. ताई गेल्या.

आता त्या ठाण्यात नाहीत. साथ ओसरल्यावर काही दिवसांनी घर विकून बहिणीकडे खडवलीला राहायला गेल्या. समोर नवं कुटुंब आलंय, त्यांचं दार बंद असतं.

मला मात्र त्या आठवतात त्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले होते. दुपारची वेळ. त्या कंपाउंडच्या कट्ट्यावर बसल्या होत्या आणि थोड्या अंतरावर एक मध्यमवयीन माणूस, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. ताईंनी आपल्या डब्याच्या झाकणात पोळीभाजी काढून मध्ये ठेवली होती. तो खाली मान घालून खात होता. खाऊन झाल्यावर त्याने झाकण नळावर धुऊन आणून दिलं, हात जोडले आणि परत फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"कोण होते?" मी विचारलं.

"काय माहीत," ताई म्हणाल्या. "भूक लागली होती त्यांना."