केळीमागचं खिंडार

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. म्हणजे — सांगितली, लाखनीतल्या एकूण एक पानठेल्यावर सांगितली. पण खरी नाही. खरी फक्त तुम्हाला.

पोरीनं कुत्र्याचं पिल्लू आणलं — भुऱ्या. मूठभर जीव, भूक हत्तीची. आमच्या घरामागं बाग आणि बागेमागं हायवे. ट्रक असे धावतात, की भिंतीवरची पाल दचकून शेजारच्या घरात पडते! बायको म्हणाली, "बाग पक्की करा, नाही तं पिल्लू वापस."

मग मी भिडलो. विषारी म्हणून कण्हेर उपटली. विहिरीवर अशी जाळी टाकली, की बादलीही आत जाईना. युरियाचं पोतं माळ्यावर. बाभळीच्या काट्या, बांबूच्या तट्ट्या — मुंगीनंही आधार कार्ड दाखवूनच आत यावं!

फक्त एक जागा... केळीच्या बेटामागं... सांगू? सांगतोच. बायकोच्या डोक्यावर हात ठेवून मी खर्रा — तंबाखू-सुपारीचा — सोडला होता. आणि पानठेला हायवेपलीकडं. समोरच्या दारानं गेलो असतो तर तिनं पाहिलं नसतं? म्हणून केळीमागं एक खिंडार तसंच ठेवलं — माझ्या पोटाच्या मापाचं. म्हणजे म्हैसही सहज जावी.

एका सकाळी भुऱ्या गायब. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. सगळी आळी शोधायला निघाली. सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं? मी! आणि केळीकडं कुणाला फिरकू देत नव्हतं कोण? तेही मीच. तो कुठून गेला हे मला एकट्यालाच ठाऊक होतं ना.

धावत हायवे गाठला. पाहतो तर — भुऱ्या ठेल्यावर, माझ्या रोजच्या बाकाखाली! माझा वास काढत आला होता. त्याच्यासाठी रायपूरपर्यंत ट्रक थांबले, असं मी सांगत आलो. दोनच थांबले होते. ड्रायव्हर त्याला बिस्किटं चारत होते. मी त्याला छातीशी धरून भर रस्त्यात रडलो, हे मात्र वाढवलेलं नाही.

वरातच निघाली घरापर्यंत. तिथं बायको खिंडारापुढं उभी. "हे काहून उघडं हाये?"

"धुरपताबाईची बकरी!" — निघून गेलं तोंडातून. शेजारच्या धुरपताबाई, त्यांची ती एकुलती बकरी. "शिंगांनी कुंपण पाडलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" शिंगं हातभर असल्याचंही सांगितलं.

बकरी बिनशिंगाची आहे. त्या आनंदात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

धुरपताबाईंनी मान खाली घातली. "चुकलं भाऊ माह्या बकरीचं. बांधूनच ठेवतो आता तिले." तेव्हापासून आळीभर हुंदडणारी ती बकरी खुंट्याला आहे. खिंडार मी बुजवलं. खर्ऱ्याचं विचारू नका.

आणि बाई रोज भुऱ्यासाठी त्याच बकरीचं वाटीभर दूध आणतात — भरपाई म्हणून. आज सकाळीही आल्या. वासराएवढा झालेला भुऱ्या त्यांच्या अंगावर उडाला, तोंड चाटलं, बाई हसत हसत मटकन खाली बसल्या.

"माफ केलं न रे राजा, माह्या बकरीले?"

पलीकडं बकरी दावं ओढत होती. मी बाईंच्या हातून दुधाची वाटी घेतली.