पोच्याचं चित्र

आज गाडीच्या कप्प्यात विम्याच्या अर्जाची जुनी झेरॉक्स सापडली. शेजारच्या कुलकर्णीकाकांनी गाडी मागे घेताना माझ्या गाडीच्या दाराला पोचा पाडला होता, तेव्हाची. त्याच संध्याकाळी काका स्वतःच अर्ज घेऊन आले. "चूक माझी, दावा माझ्याच विम्यातून होऊ दे," म्हणाले.

अपघात कसा झाला ते रेखाटायला अर्जात एक चौकोन होता. काकांनी दोन गाड्या काढल्या, मधला पारिजातक काढला, आणि वर गॅलरीत कपडे वाळत घालणारी मीही. "साक्षीदार नको का?"

पोचा आठवड्यात निघाला. पुढे काका कायमचे लेकीकडे बंगळुरूला गेले. त्यांची जागा रिकामीच असते. तरी गाडी लावताना त्या बाजूला मी दोन वीत जास्तच सोडते. काकांना मागचा अंदाज येत नाही.