दुसऱ्या मताचे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एकाच माणसाच्या सांगण्यावरून केलेली नाही. त्यांचं लग्नसुद्धा एका भटजींनी पत्रिका जुळवल्यावर दुसऱ्यांनी दुजोरा दिला तेव्हाच ठरलं, असं मामी सांगतात. मूळचे निपाणीचे मामा नोकरीसाठी बंगळूरला आले आणि मल्लेश्वरममध्ये मुरले. रिक्षावाल्याला पत्ता विचारायचा, त्यानं सांगितला की कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणायचं, आणि चार पावलांवरच्या फूलवालीला तोच पत्ता पुन्हा विचारायचा! पपईवाल्यानं पपई गोड आहे म्हटलं, तर मामा ती शेजारच्या अनोळखी बाईंच्या नाकापाशी धरणार, "अक्का, स्वल्प वास बघा की." पण माणूस भांडखोर मुळीच नाही. "तुमचं बरोबरच असणार, तरी आणखी एकाला विचारतो," हे ते इतक्या गोडीनं म्हणतात की कुणाला राग येत नाही. अपवाद मामींचा. मामांनी एकदा त्यांच्या आमटीवर शेजाऱ्यांचं मत मागवलं, तेव्हा मामींनी अख्खं पातेलंच शेजारी नेऊन दिलं आणि मामांच्या पानात नुसता दहीभात वाढला.

आम्ही सगळे हसायचो त्यांना. मग माझ्या मुलीची, श्रुतीची नडगी दुखायला लागली. एक्स-रेत गुडघ्याखाली हाडावर गाठीसारखं काही दिसलं. सुईनं तुकडा काढून तपासला, तर हाडाच्या कॅन्सरचा दाट संशय. उपचार लवकर सुरू करायला हवेत, असं डॉक्टर म्हणाले. मला पुढचं काही ऐकू येईना. आमच्यासोबत आलेले मामा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "डॉक्टर, अविश्वास नाही हो. मी बायकोच्या आमटीलासुद्धा दुसरं मत घेतो." डॉक्टर चक्क हसले. "जरूर घ्या. हाडांच्या गाठी रोज बघणारे लोक फार थोडे असतात. मीच नाव देतो."

त्या तज्ज्ञ बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या. तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्यांची डबी मामांनी तिथपर्यंत रिक्षाभर मांडीवर धरली होती, प्रत्येक खड्ड्याला "अण्णा, हळू!" बाईंनी नुसत्या काचपट्ट्या बघायला नकार दिला. आधी एक्स-रे, मग एमआरआय मागितला, आणि मग श्रुतीकडे वळून विचारलं, "खेळतेस का काही?"

"धावते. स्पर्धेसाठी सराव एकदम वाढवला होता."

"आणि दुखायला लागल्यावर?"

श्रुती ओशाळली. "तशीच धावत राहिले."

बाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिल्या. मामांनी माझा हात कधी धरला, मला कळलं नाही. "हाडाला बारीक चीर गेली होती," त्या अखेर म्हणाल्या. "ती सांधायला नवं हाड घाईघाईनं वाढतंय. असं कोवळं हाड काचेखाली फसवू शकतं. मला हा कॅन्सर वाटत नाही. पायाला विश्रांती द्या, काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढू. मग खात्रीनं सांगते."

बायको रडायला लागली. श्रुतीनं मामांना कोपरानं ढोसलं. "आजोबा, आता तिसरं मत?"

"गप्प बस गं," मामा म्हणाले, आणि काचपट्ट्यांची डबी त्यांनी पुन्हा मांडीवर घेतली.

ते आठवडे कसे गेले ते सांगत नाही. दुसऱ्या एक्स-रेत हाड नीट सांधत आलेलं दिसलं. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला आणि तेही आमच्याइतकेच खूश झाले.

आता मामा थकलेत. तरी रविवारी मेट्रोनं बनशंकरीला आमच्याकडे येतात आणि जिन्याजवळच्या खुर्चीत बसून राजकारणावर तावातावानं बोलतात. श्रुती वरच्या खोलीतून दोन-दोन पायऱ्या गाळत धडधडत खाली येते, तेव्हा वाक्य अर्धवट सोडून ते डोळे मिटून तिची पावलं ऐकतात. ती बाहेर पळाली तरी लगेच उघडत नाहीत. येत्या वर्षी ती शिकायला परगावी जाईल. मामांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.