झाला पिक्चर

मोठेबाबांनी आमच्या घरात एकाही हिरोला मरू दिलं नाही.

हिरोच्या छातीत गोळी लागली, त्याची आई धावत आली, म्युझिक हळू झालं, की ते उठून टीव्ही बंद करायचे.

"चाला, झाला पिक्चर."

"मंग काय झालं, मोठेबाबा?"

"काय होते! उठला, अंग झटकलं, घरी गेला. मायनं गरम भाकर टाकली होती."

दरवेळी हाच शेवट. मी दरवेळी विश्वास ठेवला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. मला ते "बाई" म्हणायचे. कामरगाव ते कारंजा जीप चालवायचे. त्यांची बायको, मोठी माय, लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. दुपारी जीप सावलीत लावली की जेवण आणि फायटिंगचा पिक्चर. फायटिंग नसलेल्या पिक्चरला ते "नाटक" म्हणायचे.

शाळेत जायच्या आधी मला वाचायला त्यांनीच शिकवलं. पिक्चरच्या सुरुवातीच्या नावांवर बोट ठेवून. टीव्हीच्या काचेवर त्यांच्या बोटाचे ऑईलचे डाग असायचे.

मी वाचलेलं पहिलं जोडाक्षर "मध्यांतर" मधलं.

"समाप्त" फार उशिरा आलं. ती पाटी आमच्या घरी हिरो जिवंत राहिला तरच यायची.

पुढे अमरावतीला हॉस्टेलवर एका पिक्चरवरून एका मुलीशी माझं भांडण झालं. ती म्हणाली, "अगं, शेवटी मरतो ना तो."

मी म्हटलं, "नाही. घरी जातो. आई भाकरी करून ठेवते."

अख्खी रूम हसली. मी घरी फोन लावला.

"मोठेबाबा, तो मरतो?"

पलीकडे जीपचा आवाज. मग म्हणाले, "त्या पोरीले म्हन, तुह्या टीव्हीवर मरत असन."

मला नोकरी लागली तोवर ते सगळे हिरो म्हातारे झाले होते. मोठेबाबाही. गुडघ्यांमुळे जीप सुटली. मी मंगरूळपीरहून शनिवारी यायची आणि आम्ही त्या म्हाताऱ्या हिरोंचे नवे पिक्चर पाहायचो. पोट आत ओढलेलं, डोळ्यांवर काळा गॉगल, पळताना कॅमेरा फक्त छातीच्या वर.

चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. हे माझ्यासोबत काम करणाऱ्यांना माहीत आहे.

"मोठेबाबा, केसांना डाय आहे त्याच्या."

"तुह्या बापानंबी लावला आहे. तो कुठं फायटिंग करून राह्यला?"

"अन् उडी मारली तो डुप्लिकेट होता. शर्ट वेगळा होता."

"उडी कोनीबी मारन, बाई. उडी मारल्यावर उठून उभं राहा लागते. ते तोच करून राह्यला ना?"

आणि मग स्वतःचा गुडघा चोळत म्हणायचे, "गाडी जुनी झाली म्हनून काय फेरी बंद करा लागते?"

ते पिक्चर चांगले नव्हते. हे मी आजही प्रामाणिकपणे सांगेन. पण तो म्हातारा माणूस धापा टाकत उठला की आमच्या खोलीत दोन माणसं टाळ्या वाजवायची.

मागच्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. बाबा खाली औषध आणायला गेले होते.

"तुही बस कितीची आहे?"

"मी थांबते ना. रजा टाकली आहे."

"रजा कायले टाकतं? बरा हाओ मी."

मग माझा हात थोपटला.

"चाल, झाला पिक्चर. जाय तू."

मी हसले. डबा घेतला, पाया पडले, निघाले.

बार्शीटाकळीच्या पुढे बाबांचा फोन आला.

ते वाक्य मोठेबाबा कधी म्हणायचे, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आणि मला ते बसमध्ये कळलं.

सगळे म्हणतात, त्यांनीच पाठवलं ना तुला. हो, त्यांनीच.

पण बाबा औषध घेऊन वर येईपर्यंत त्यांच्याजवळ कोण होतं?

वर्षभर मी एवढंच विचारते आहे. कोणाला नाही, स्वतःलाच.

आज त्यांच्या वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, खीर झाली, पाहुणे दुपारच्या बसने गेले. आई-बाबा मोठी भांडी परत द्यायला विहारात गेले. मी मोठेबाबांच्या खोलीत एकटी.

टीव्ही लावला. आजच्या दिवशी लावायला नको होता असं कोणाला वाटलं, तर मला आधीच मान्य आहे. पण ती खोली फार गप्प होती.

त्यांचाच एक म्हातारा हिरो होता. शेवट चालला होता. त्याने सगळ्यांना गाडीत बसवलं, गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि पाठवून दिलं. मग एकटाच गुंडांसमोर उभा राहिला. डाय लावलेले केस, वाकडा गुडघा.

पडला. म्युझिक हळू झालं.

रिमोट माझ्या हातात होता. अंगठा बटणावरच होता.

पण पडद्यावर त्याच्याजवळ कोणीच नव्हतं. ज्यांना यायचं होतं, ते गाडीत होते.

मी बंद केला नाही. त्याचे डोळे मिटेपर्यंत बसले. मग नावं वर सरकायला लागली, तीही सगळी वाचली. उड्या मारणाऱ्यांची नावं फार बारीक अक्षरात असतात. तीही वाचली, पडद्यावर बोट ठेवून.

टाळी वाजवून पाहिली. एका माणसाच्या टाळीचा आवाज फार विचित्र येतो.

मोठेबाबा, झाला पिक्चर. या वेळी मी शेवटपर्यंत होते.

आता उठा, अंग झटका, घरी जा.

तुमच्या बाईचं वंदन.