काचेतलं अंगण

"एकदा बसला की बसला," असं म्हणून भाऊ कॅमेऱ्याच्या लाकडी पेटीवर थाप मारायचा, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. लोणावळ्याजवळ धरण बांधत होते तेव्हाची ही गोष्ट. मी तिथल्या कचेरीत कारकून, तो फोटोवाला. धरणाची भिंत कशी चढते ते साहेबाला दर सोमवारी, एकाच जागेवरून टिपून हवं होतं. फोटो ओळीनं चाळले की भिंत डोळ्यांदेखत वाढली पाहिजे, असा त्याचा हट्ट.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, नुसता कॅमेरा निवडताना भाऊनं साहेबाला रडकुंडीला आणलं. साहेबाकडे घडीचा, फिल्मचा छोटा कॅमेरा होता. भाऊनं तो उघडला, मिटला आणि परत दिला. "ह्यो आज हितं, उद्या कुनाच्या लग्नात. केसभर जागा चुकली तर भिंत नाचंल." मग त्यानं काचेच्या प्लेटा लागणारा भला थोरला कॅमेरा मागून घेतला आणि टेकाडावर दगडी चौथरा बांधून त्यावर बोल्टांनी आवळला. त्याच्यावर दुसरा कसलाही फोटो काढायचा नाही. साहेबाच्या मडमेलाही त्यानं नाही म्हटलं.

यात एकच गोम होती. भिंतीमागचं खोऱ्यातलं गाव त्या चौकटीत येत होतं आणि ते भाऊचंच गाव होतं. येत्या पावसाळ्यात ते बुडणार होतं.

"मग हे काम घेतलंस कशाला?" मी एकदा विचारलं.

"म्या न्हाई तर दुसरा कुनी घेनारच की. निदान गावाचा फोटू तरी ऱ्हाईल."

घेतलं खरं, पण आता सोडवेना आणि बघवेना. स्वतःच्या हातानं बोल्ट आवळून बसला होता बिचारा.

एकेक घर वरच्या माळावर सरकलं. भाऊची आई मात्र हलेना. तिची समजूत घालताना भाऊ एकदा बोलून गेला, "फोटूत मानूस दिसतंय तवर सायब पानी कोंडत न्हाई." अजून वेळ आहे, घाबरू नको, एवढंच त्याला म्हणायचं होतं. म्हातारीनं ते पदराला गाठ मारून ठेवलं. तेव्हापासून टेकाडावर कॅमेऱ्यामागं डोकं झाकायचं काळं फडकं दिसलं की ती हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभी राही. भिंगाचं झाकण निघून परत बसेपर्यंत तसूभर हलत नसे. फोटो छापला की अंगणात उडदाएवढा ठिपका.

"आई, म्या उगीच बोललो गं," त्यानं किती वेळा सांगितलं.

"म्या हाय तवर कशाला पानी येतंय?" ती म्हणायची.

साहेब वैतागला. प्लेटवरचा तो डाग सुरीनं खरवडून टाक म्हणाला. भाऊ माझ्याकडे वळला. "कारकून, आईला कसं खरवडू?" मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

पाऊस तोंडावर आला आणि धरणाचे दरवाजे खाली सोडून पाणी अडवायचा हुकूम निघाला. म्हातारीनं ऐकलं नाही तर शिपाई तिला उचलून आणणार होते. त्या सोमवारी सकाळी भाऊ खाली गेला. "चल, तुजं घर काचत कसं दिसतं ते बघ," म्हणाला. एवढे दिवस उभी राहिली होती, पण काचेत तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती दम खात टेकाड चढून आली. मी प्लेटांची पेटी घेऊन तिथंच होतो.

भाऊनं तिच्या डोक्यावर ते काळं फडकं पांघरलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं पडतं.

"आरं, गाव पालथं केलंस की."

"अंगन दिसतंय?"

"दिसतंय. त्यो गोठा. ती जांभळ."

"अंगनात कोन हाय?"

फडकं काचेच्या आणखी जवळ सरकलं.

"कोन न्हाई," ती म्हणाली.

ती बाहेर आली आणि चौथऱ्याला टेकून बसली. भाऊ प्लेट हातात धरून नुसता उभा. शेवटी तीच म्हणाली, "काड बाबा फोटू. किती वेळ उबा ऱ्हाशील?"

साहेबाला तो फोटो फार आवडला. स्वच्छ आला, म्हणाला. तोवर भाऊ आईला घेऊन बेडसे गावात कुणा नातेवाइकाकडे निघून गेला होता. मला तो पुन्हा दिसला नाही.

पावसाळा सरल्यावर एकदा टेकाडावर गेलो होतो. नवा फोटोवाला बाजूला विडी ओढत होता. मी फडक्याखाली डोकं घातलं. काचेत आभाळ खाली होतं आणि पाणी वर. त्याच्यात अंगण कुठं होतं, ते मला काही केल्या सापडेना.